मनकर्णाबाईच्या चार खुंट्या

छप्पन सालच्या दसऱ्यानंतर वस्तीतल्या घराघरांतून देव निघाले, तेव्हा मनकर्णाबाईच्या घरातली एक भिंत मोकळी झाली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. ह्या मोकळ्या भिंतीवर मनकर्णाबाईनं बाभळीच्या चार खुंट्या ठोकून घेतल्या.

"चार काहून वं?" नवऱ्यानं विचारलं. "सदरा तं माह्याजवळ एकच हाय."

"सदऱ्यासाठी नाईत," ती म्हणाली. "माह्या डोक्यासाठी हायत."

अकोल्यात रेल्वेलाइनीच्या पलीकडे त्यांची वस्ती. मनकर्णाबाई दिवाळीपासून होळीपर्यंत जीनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची, बाकीचे महिने निंदण-खुरपण, वरून घर, वरून आल्यागेल्याचं काम. अक्षर एक येत नव्हतं. काम मात्र एक सुटत नव्हतं, ते ह्या खुंट्यांमुळे. पहिली खुंटी आजची. दुसरी बाजाराच्या दिवसाची. तिसरी उमरावतीची, कारण तिची बहीण दुर्गाबाई अमरावतीच्या एका दवाखान्यात आया होती आणि मनकर्णाबाई महिन्या-दीड महिन्यानं तिच्याकडे एक चक्कर मारायची. जे काम करायचं त्याची वस्तू त्या त्या खुंटीवर. रॉकेल आणायचं तर गळ्यात दोरी बांधलेली रिकामी बाटली. विळ्याला धार लावायची तर विळा. ज्या कामाला वस्तूच नाही त्याला ती वस्तू शोधून काढायची. माणिकबाईच्या नातीच्या बारशाला जायचं तर काळ्या मण्यांची एवढीशी मनगटी, कोणाला भेटून समाचार घ्यायचा तर त्या घरचा एखादा वाटी-डबा, जो नाहीतरी परत करायचाच होता.

चौथी खुंटी होती, नाही म्हणता येत नाही त्याची. तिच्यावर शेजारच्या इंदूबाईची मोडकी छत्री चार वर्षं लटकत होती. इंदूबाईनं ती 'कोन्या कारागिराले दाखव' म्हणून दिली होती. त्या छत्रीच्या सातांपैकी पाच काड्या गेलेल्या, तिला कारागीर काय करणार? पण इंदूबाईला नाही कोण म्हणणार?

"फेकून का देत नाई वं माय?" लेक शालू विचारायची.

"राहू दे. तिले वाटते काम चालू हाय. मलेही वाटते."

रोज दिवेलागणीला मनकर्णाबाई भिंतीपुढे उभी राहायची. प्रत्येक वस्तूला हात लावायची, झालेली खाली काढायची, उद्या बाजार असला की दुसऱ्या खुंटीवरची पहिलीवर आणायची, आणि मग हात झटकून भाकरी थापायला बसायची. "डोक्यात ठेवलं का सडते," ती म्हणायची. "खुंटीवर ठेवलं का दिसते. डोकं मोकळं पायजे माणसाचं, नाई तं भाकर जळते."

वस्तीला हे सारं पाठ होतं. लोक आपापली कामं तिच्याकडे आणून देत, आणि त्यातून एक रीतच पडून गेली होती. खुंटीवर गेलेल्या कामाचं कोणी पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे मनकर्णाबाईला झोपलेली समजणं. एकदा एका नव्यानं राहायला आलेल्या बाईनं दोन दिवसांनी विचारलं, 'माह्या काकणाचं झालं काय?' तर मनकर्णाबाईनं काकण काढून तिच्या हातात ठेवलं आणि 'दुसरं घर पाहा' म्हणाली.

शालूला ह्या भिंतीची लाज वाटायची. शाळेतली एक मैत्रीण एकदा घरी आली आणि भिंतीकडे पाहून तिनं अगदी सरळ मनानं विचारलं होतं, "तुमच्याकडे भंगाराचा धंदा आहे का गं?" ते शालूच्या मनातून कधी गेलं नाही. वडील गेले अठ्ठावन्नला. एकोणसाठला शालू मॅट्रिक झाली, साठला कचेरीत कारकून लागली. वस्तीतली पहिली पोरगी खुर्चीवर बसली म्हणून लोकांनी पेढे खाल्ले. त्या खुर्चीवर शालूला वही सापडली.

वही दाखवली हेडक्लार्क वामनरावांनी. लांबट, लाल कापडी पाठीची. तीन रकाने: काम, तारीख, शेरा. "शालूबाई," ते म्हणाले, "आलेलं काम पहिल्या रकान्यात, कधी करायचं ते दुसऱ्यात, काय झालं ते तिसऱ्यात. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून मी घरी गेलो की मला जेवण पचत नाही." शालूनं ही गोष्ट इतकी मनावर घेतली की सहा महिन्यांत वामनराव तिचीच वही इतरांना दाखवू लागले. तिचं अक्षर मुळातच मोत्यासारखं. काम झालं की शेऱ्यापुढे ती लाल शाईनं छोटीशी बरोबरची खूण करायची, आणि ती खूण करताना तिला जे सुख व्हायचं ते भल्याभल्यांना गोडधोड खाऊन होत नाही.

एकसष्टच्या पोळ्यानंतर मोर्शीहून निरोप आला. मुलगा देवमन, शाळामास्तर. त्याचे काका-काकू रविवारी मुलगी पाहायला येणार.

शनिवारी शालूला अर्धा दिवस सुट्टी. मनकर्णाबाई निंदणाला गेलेली. शालूनं घर सारवलं, तसबिरी पुसल्या, आणि मग ती त्या भिंतीपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. विळा, बाटली, मनगटी, तुटकी चप्पल, छत्री. ह्या भिंतीखाली बसवायचं मास्तराच्या काकांना?

तिनं नवी वही काढली. एकेक वस्तू खाली उतरवायची, पहिल्या रकान्यात लिहायची, वस्तू पोत्यात टाकायची. काही अडाणीपणानं केलं नाही तिनं. कचेरीत करते तसंच, नीट, मन लावून केलं. सतरा कामं झाली. बाटली: रॉकेल, सोमवारी. विळा: धार, बाजारी. हे काम आपल्याला फार आधीच सुचायला हवं होतं असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या खुंटीवर पांढऱ्या मांजरपाटाच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी होतं. तिनं सोडून पाहिलं. गोल काचांचा चष्मा. एक काच तडकलेली, एक काडी मोडलेली.

शालूनं तो तळहातावर घेतला. बाबांचा चष्मा असाच होता, गोल. जायच्या आधी एकच वर्ष लावला त्यांनी, पेपर वाचायला. माय त्यांचं नाव कधी काढत नाही, त्यांची पेटी कधी उघडत नाही, आणि इथं चिंधीत बांधून रोज हात लावते! शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चष्मा पुन्हा चिंधीत बांधला, बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या टोपीखाली हळूच ठेवला, आणि वहीत लिहिलं: 'बाबांचा चष्मा.' शेरा: 'पेटीत ठेवला.' लाल खूण.

राहिली छत्री. ती घेऊन ती इंदूबाईच्या दारात गेली.

"काकू, ही तुमची छत्री. आमच्याकडे पडून होती."

"पडून होती?" इंदूबाई म्हणाली. छत्री घेतली आणि दार लावून घेतलं. शालूनं घरी येऊन तिथंही खूण केली.

संध्याकाळी मनकर्णाबाई आली आणि उंबऱ्यातच थांबली. भिंतीवर नुसत्या चार खुंट्या.

"माह्यं सामान?"

"पोत्यात हाय. अन् काम सारं वहीत हाय, माय. एकही सोडलं नाई. हे पाय." शालूनं पान उघडून धरलं.

मनकर्णाबाईनं पानाकडे पाहिलं, बोट लाल खुणांवरून फिरवून आणलं. तिला काही कळायचा प्रश्न नव्हता, पण पोरीचं अक्षर देखणं होतं एवढं तिला दिसत होतं.

"सारं हाय?"

"सारं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. देवमनचे काका पंजाबराव वही चाळून म्हणाले, "वा! पोरगी शिस्तीची दिसते." काकू रुख्मिणीबाईंची नजर भिंतीवर. "एवढ्या खुंट्या अन् साऱ्या रिकाम्या काहून वं बाई?"

"पोरगी शिकली," मनकर्णाबाई म्हणाली, आणि तिचा ऊर असा भरून आला होता की शालूला तिच्याकडे पाहवेना. "आता खुंट्याचं काम सरलं."

आणि खरंच सगळं सुरळीत चाललं. सकाळी चुलीपुढे बसून मनकर्णाबाई विचारायची, "आज काय हाय वं वहीत?" शालू वाचायची. रॉकेल वेळेवर आलं, विळ्याला धार लागली, मनगटी बारशाला पोचली. मनकर्णाबाई नळावर सांगत सुटली, "आमच्या शालूनं माह्यं डोकं कागदावर उतरून देल्लं." मोर्शीहून पत्र आलं, मुलगी पसंत, लग्न वैशाखात.

भाद्रपद सरता सरता मनकर्णाबाई अमरावतीला निघाली. यष्टीच्या अड्ड्यावर शालू सोडायला गेली होती. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली.

"शालू, काहीतरी राह्यलं वाटते."

"काही नाई राह्यलं."

"पाय न वही."

मागे लोक खोळंबले होते. शालूनं वही काढून वाचलं: मावशीला हळद, मावशीचं लुगडं, मावशीच्या पोराची पाटी. "झालं. एवढंच हाय, माय. चढ."

"व्हय?" मनकर्णाबाई म्हणाली. "हात खाली खाली वाटून राहिला." आणि चढली.

त्याच दिवसांत वस्तीत पांढऱ्या कापडाचे तागे येऊ लागले. दसऱ्याला नागपूरला जायचं तर सगळ्यांना नवे पांढरे कपडे हवेत. पुरुषांना सदरे, बायांना पोलकी. वस्तीतला शिंपी एकच, नत्थुजी. गुडघ्यानं अधू म्हातारा, ओट्यावर मशीन, मागे कोणी नाही. त्याचं वर्ष त्या महिन्यावर चाले. पण यंदा नत्थुजी आलेलं कापड परत करत होता.

"हात दुखते," तो म्हणायचा. "यंदा नाई होत."

लोक कुरकुरत बाजारातल्या शिंप्याकडे गेले. शालूही गेली. जाता-येता तिला नत्थुजी ओट्यावर मशीनपुढे नुसता बसलेला दिसायचा, सुईच्या नाकाशी दोरा नेऊन चाचपत. एकदा तिनं पाहिलं, दोरा ओवला जात नाही म्हणून त्यानं हातशिलाईची सुई ओठांना लावून छिद्र चाचपलं, मग ठेवून दिली. शालूच्या मनात आलं, म्हातारा आळसावला. तिनं वहीत लिहिलंही: 'पोलकं, बाजारातला शिंपी.' खूण.

नागपूरहून परत आल्यावर दोन दिवसांनी, सकाळी नळावर, इंदूबाईनं हंडा भरता भरता मोठ्यानं विचारलं. वस्तीची रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण छत्री परत आल्यापासून तिच्या पोटात एक आग होती.

"काहून वं मनकर्णाबाई, नत्थुजीचा चष्मा अजून तुह्याचजवळ हाय म्हने? त्याची पुरी सुगी बुडाली न! का तोही पडून हाय?"

मनकर्णाबाईच्या हातातली घागर भरून वाहत राहिली.

शालू मागे बादली घेऊन उभी होती. मांजरपाटाची चिंधी. शिंप्याच्या कातरणाची चिंधी! बाबांचा चष्मा चिंधीत कोण बांधणार होतं?

मनकर्णाबाई घागर तशीच ठेवून घरी आली. रिकाम्या खुंट्यांपुढे उभी राहिली आणि तिनं तिसऱ्या खुंटीला हात लावला. मग तिथंच भिंतीशी बसली.

"देल्ला होता त्यानं," ती म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या रोजी. उमरावतीच्या दुकानात त्याचा नंबर लिहून हाय, म्हने, तठीच काच बसवून आन. मी इसरली, शालू. नत्थुजीचा चष्मा मी इसरली. कोठे ठेवला असन? यष्टीत पडला असन माह्या हातून."

"माय..." शालू म्हणाली.

आता बोलायचं. एवढंच बोलायचं की तो मी ठेवला. तोंड उघडलं, आणि नळावरच्या त्या सगळ्या बाया तिला दिसल्या, ज्यांच्यापुढे माय म्हणाली होती, माह्यं डोकं कागदावर उतरून देल्लं. वामनराव दिसले. पंजाबराव दिसले, 'शिस्तीची पोरगी.'

"कोठे तरी सापडन," ती म्हणाली.

मनकर्णाबाई नत्थुजीच्या ओट्यावर गेली आणि हात जोडून उभी राहिली. तो म्हणाला, "राहू द्या मनकर्णाबाई. मानूस हाय, इसरते." शालूनं हे खिडकीतून ऐकलं. म्हाताऱ्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कचेरीत जाऊन तिनं घरची वही उघडली. 'बाबांचा चष्मा. पेटीत ठेवला.' लाल खूण, अगदी रेखीव. चूक काही गिचमिड नव्हती, हेच तर तिला सहन होत नव्हतं. तिनं पान फाडायला बोटं लावली, फाडवलं नाही.

त्यानंतर मनकर्णाबाईचा हळूहळू स्वतःवरचाच भरवसा उडाला. कोणी काम घेऊन आलं की म्हणायची, "माह्या भरवशावर नका राहू, बाई. माह्यं डोकं गेलं." भाजीत मीठ टाकल्यावर घटकाभरानं विचारायची, "शालू, मीठ टाकलं काय वं मी?" दार लावून चार पावलं गेली की परत येऊन कडी ओढून पाहायची. दिवाळी झाली, जीन सुरू झाला, तशी तिथंही ती शेजारच्या बाईला दोनदोनदा विचारते असं कानावर आलं. शालूला रोज वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी तिच्या मनातल्या वहीत तो शेऱ्याचा रकाना कोरा राहायचा, आणि जेवण खरंच पचत नव्हतं.

एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता मनकर्णाबाई सहज म्हणाली, "वैशाखात तू जाशीन मोर्शीले. मंग मले वही कोन वाचून दाखवन?"

शालूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"खुंट्या हायत न," ती म्हणाली.

"खुंट्या कोनाच्या? ज्याचं डोकं ठिकाणावर हाय त्याच्या. मी आता दुर्गीकडे जाऊन राहीन म्हनते. ती सांगन तसं करायचं. म्हाताऱ्या मानसानं ऐकावं."

अठ्ठेचाळीस वर्षांची होती मनकर्णाबाई. म्हातारी!

दुसऱ्या दिवशी कचेरीत शालूनं वामनरावांना विचारलं, "शेऱ्यात चुकीचं लिहिलं गेलं असेल तर काय करायचं?"

"खोडायचं नाही," ते चष्म्यावरून पाहत म्हणाले. "खोडलं की संशय येतो. त्याच्याखाली खरं काय ते लिहायचं आणि आपली सही करायची. सही महत्त्वाची, शालूबाई. नाहीतर चूक कचेरीची होते."

घरी आल्यावर माय जीनातून यायच्या आत शालूनं बाबांची पेटी उघडली. टोपीखालची चिंधी काढली आणि नेऊन तिसऱ्या खुंटीवर टांगली. अख्ख्या भिंतीवर ती एकच वस्तू. मग ती चुलीशी जाऊन बसली आणि वाट पाहू लागली. माय येईल, पाहील, विचारील, 'हे कोठून आलं?' आणि मग सांगता येईल. विचारल्यावर सांगणं सोपं असतं.

मनकर्णाबाई आली. केसांत कापसाची पिसं तशीच. दिवा लावला आणि तिची नजर भिंतीकडे गेली. ती उठून जवळ गेली, चिंधी हातात धरली, वरून चाचपली. काच हाताला लागली. ती तशीच उभी राहिली, पाठमोरी. मग चिंधी सोडली, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली.

एक भाकरी झाली. दुसरी झाली.

"माय, विचारत काहून नाई?"

"खुंटीवरचं मी विचारत नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

शालूला रडू फुटलं. रडत रडत, नाक पुसत, तिनं सगळं सांगितलं: शनिवार, पोतं, चिंधी, टोपी, लाल खूण, नळावरून आल्यावर तोंड उघडून मिटलं ते. "मले वाटलं बाबाचा हाय. तू बाबासाठी टांगून ठेवला."

"तुह्या बापाचा चष्मा मी त्याच्या संगच देल्ला," मनकर्णाबाई म्हणाली. "खिशात. म्हटलं, तठी पेपर भेटला तं?" तव्यावरची भाकरी तिनं उलटली. तिची कड जळली होती. "अन् मले सांगतलं नाई तू. महिना झाला वं शालू. एक महिना मी मले पागल समजून राहिली होती."

ती जळकी भाकरी शालूनं आपल्या ताटात घेतली.

"मले सांगतलं, बरं केलं," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता. "पन माह्यं नाव ह्या घरात नाई गेलं. नळावर गेलं. तठून आनून दे."

त्या रात्री दोघी जेवल्या, पण एकमेकींकडे पाठ करून.

सकाळी नळावर सगळ्या होत्या. नत्थुजीचा ओटा समोरच. शालूनं बादली खाली ठेवली.

"नत्थुकाकाचा चष्मा मायनं नाई हरवला," ती म्हणाली. "मी पेटीत टाकला. पाहुण्यापुढे खुंट्याची लाज वाटली म्हून. वहीत चुकीचं लिहिलं, अन् मालूम पडल्यावरही चूप बसली. मायचं डोकं ठीक हाय."

बायांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हून तं मी म्हनो!" इंदूबाईनं हंडा कमरेवर घेतला. "मनकर्णाबाई इसरते कशी? अन् बाई, माही छत्री? तीही मायनं नाई पाठवली?"

"नाई. मीच आनून देल्ली."

"पडून होती म्हने! चार वर्ष त्या छत्रीवर काम चालू होतं." बाया हसल्या. एकजण म्हणाली, "शिकल्या पोरीनं घर आवरलं का असं होते." पुन्हा हसल्या. ते हसू अंगावर घेऊन शालू ओट्यापाशी गेली.

नत्थुजीनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या आवाजाकडे पाहिलं.

"मीच इचाराले पायजे होतं, पोरी," तो म्हणाला. "पन खुंटीवरचं कसं इचारू? मनकर्णाबाईले काय वाटलं असतं?"

ह्याच्यापेक्षा हसणं परवडलं.

शालूनं रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं: 'हरवलेले काम पुरे करण्यासाठी.' वामनरावांनी ते दोनदा वाचलं, काही विचारलं नाही, शेऱ्यात 'मंजूर' लिहिलं. अमरावतीच्या दुकानात नत्थुजीचा नंबर खरंच लिहिलेला होता. नवी काच, नवी काडी, दोन दिवस लागले. ती मावशीकडे राहिली, आणि मावशीलाही सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

चष्मा लावल्यावर नत्थुजीनं पहिल्यांदा मशीनकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग शालूच्या अंगातल्या पांढऱ्या पोलक्याकडे.

"कोनं शिवलं हे?"

"बाजारात."

"बाही वाकडी हाय," तो म्हणाला. "काढून आन. नीट करून देतो."

पण पांढऱ्या कपड्यांची सुगी वर्षातून एकदाच येते. ती पुढच्या दसऱ्यापर्यंत परत येणार नव्हती, हे तोही जाणत होता आणि शालूही. बाही त्यानं फुकट नीट करून दिली, आणि पोलकं घालताना शालूला दरवेळी ती काखेत टोचल्यासारखी वाटे, टाका एकही कच्चा नसताना.

खुंट्या महिनाभर तशाच रिकाम्या राहिल्या. मनकर्णाबाईनं त्यांवर काही टांगलं नाही, आणि वहीतलंही काही विचारलं नाही. मग पौषातल्या एका सकाळी शालू उठली तर चौथ्या खुंटीवर छत्री होती, तीच, दोन काड्यांची. इंदूबाई कधी देऊन गेली, काय म्हणाली, मायनं काय उत्तर दिलं, हे विचारायला शालूनं तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारपर्यंत पहिल्या खुंटीवर रॉकेलची बाटलीही आली. आठवड्याभरात माणिकबाईचा डबा आला, कोणाच्या कुलुपाची किल्ली आली, भिंत पुन्हा भंगाराच्या दुकानासारखी दिसू लागली.

शालू वही अजून लिहायची, कचेरीची. घरच्या वहीचं ते एकच पान तिनं ठेवलं होतं. लाल खुणेखाली तिनं लिहिलं होतं, 'चूक. चष्मा नत्थुजींचा होता,' आणि खाली पूर्ण नावानं सही.

एक गोष्ट मात्र पूर्वीसारखी झाली नाही. भाजी शिजताना, अगदी हसत बोलत असताना, मनकर्णाबाईचा हात मध्येच थांबायचा.

"शालू, मीठ टाकलं काय वं मी?"

शालूला माहीत असायचं की टाकलंय. तिनं टाकताना पाहिलेलं असायचं. तरी ती उठायची, पळीतला थेंब तळहातावर घ्यायची, फुंकून चाखायची, आणि मगच सांगायची, "टाकलं, माय. बरोबर हाय."